रिलेच्या कॉइलवर नेमका कुठला डायोड लावू? ट्रान्झिस्टर तिसऱ्यांदा गेला

द्राक्षवेल (निफाड तालुका) | १६ डिसेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

अडीच एकर द्राक्षबाग आहे. आमच्याकडे थंडी कशी पडते ते नाशिककरांना सांगायला नको. पारा पाच-सहाच्या खाली उतरला की वडील पहाटे तीनला उठून विहिरीवरची मोटर चालू करतात. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, ते बागेत फिरलं की जमिनीलगतची हवा थोडी सावरते. पण वडिलांचं वय आता अडुसष्ट. अंधारात, त्या गारठ्यात त्यांनी बांधावरून जावं हे मला बघवत नाही. म्हणून स्वतःच एक डबा तयार केला: अर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम टाकता येणारा छोटा बोर्ड), तापमानाचा डीएस१८बी२० सेन्सर, बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १२ व्होल्टचा रिले (कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच) आणि ७ एएचची बॅटरी. तापमान ५ च्या खाली गेलं की रिले ओढतो आणि स्टार्टर चालू होतो.

घरात टेबलावर दोन दिवस छान चालला. शेतात नेल्यावर पहिल्या रात्री ट्रान्झिस्टर गेला. बदलला, पुन्हा गेला. काल तिसरा. एमजी रोडच्या दुकानदाराने विचारलं, "कॉइलवर डायोड टाकलाय का?" मी टाकलाच नव्हता. त्याने १एन४००७ दिला. शेजारचा मुलगा म्हणतो तो स्लो आहे, १एन४१४८ लाव. नेटवर कुणी शॉट्की सांगतं. कुठला लावू, आणि डायोडवरची पट्टी कुठल्या बाजूला?

---

पंचवटीकर | १६ डिसेंबर, रात्री १०:०५

दादा, मी डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या लॅबमध्ये ४००७ च लावतात. कॉइल बंद होताना शेकडो व्होल्टचा स्पाइक येतो, आणि तो झेलायला १००० व्होल्टचा डायोड लागतो. ४१४८ फक्त १०० व्होल्टचा, तो टिकणार नाही. पट्टी प्लसकडे.

---

गोदाकाठ | १६ डिसेंबर, रात्री ११:२०

पंचवटीकर, पट्टीचं बरोबर सांगितलंस. स्पाइकचं मात्र तसं नाही. मीही शिकताना हेच समजून बसले होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

द्राक्षवेल भाऊ, तुमच्या विहिरीवरून पाणी लांबच्या पाइपातून जात असताना कुणी टोकाचा व्हॉल्व्ह झटक्यात बंद केला तर काय होतं? पाइप दणका देतो, कधी जोडावरून सुटतो. वाहत्या पाण्याला एकदम थांबता येत नाही, म्हणून दाब चढतो. कॉइलमधल्या करंटचं तसंच आहे. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी करंट क्षणभर वाहायचाच प्रयत्न करतो. वाट मिळाली नाही की व्होल्टेज चढत जातं, जोवर काहीतरी फुटून वाट देत नाही. तुमच्याकडे फुटतो तो बीसी५४७, कारण त्याची सहनशक्ती ४५ व्होल्टची.

डायोड म्हणजे पाण्याला फिरून यायला दिलेली बगल. ट्रान्झिस्टर बंद होताच करंट कॉइलमधून डायोडमध्ये, डायोडमधून परत कॉइलमध्ये असा फिरतो आणि कॉइलच्या तारेतच जिरतो. त्या वेळी ट्रान्झिस्टरवर किती व्होल्ट येतात? सप्लायचे १२ आणि डायोडचे जेमतेम ०.७. म्हणजे शेकडो व्होल्टचा स्पाइक डायोडला झेलावा लागत नाही, डायोड असला तर तो तयारच होत नाही. डायोडवर उलटं व्होल्टेज पडतं ते रिले चालू असताना, आणि तेही फक्त सप्लायएवढं. १२ व्होल्टच्या कामाला ५० व्होल्टचा १एन४००१ सुद्धा पुष्कळ.

करंटचं गणितही सरळ आहे. कॉइल चालू असताना तिच्यातून जेवढा करंट जातो तेवढाच बंद होण्याच्या क्षणी डायोडमधून जातो, तिथून पुढे तो कमीच होतो. साध्या निळ्या चौकोनी रिलेची १२ व्होल्टची कॉइल ४०० ओहमची असते, म्हणजे ३० मिलिअँपिअर. एवढं ४१४८ सहज पेलतो.

तुमचा रिले कुठला आहे? कॉइलचा रेझिस्टन्स मीटरने मोजून सांगा. आणि ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे अर्डुइनोची पिन जोडलेल्या पायाला, किती ओहम लावलेत तेही.

---

अंबडवाला | १७ डिसेंबर, सकाळी ७:१५

ताईंनी व्यवस्थित सांगितलंय. "४००७ स्लो आहे" या वाक्याबद्दल थोडं लिहितो, कारण ते अर्धवट ऐकून लोक उगाच घाबरतात.

डायोडचा वेग दोन प्रकारचा. एक चालू होण्याचा. त्यात ४००७ सुद्धा कॉइलच्या मानाने भरपूर चपळ आहे. दुसरा, चालू असलेला डायोड उलट व्होल्टेज आल्यावर बंद होण्याचा. तिथे फरक मोठा: ४१४८ ला सुमारे ४ नॅनोसेकंद पुरतात, ४००७ ला काही मायक्रोसेकंद लागतात. पण हा दुसरा वेग कधी महत्त्वाचा ठरतो? डायोडमधून करंट फिरत असतानाच ट्रान्झिस्टर पुन्हा चालू झाला तर. म्हणजे पीडब्ल्यूएमने सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारी डीसी मोटर किंवा सोलेनॉइड असेल तर. तिथे ४००७ तापतो, ट्रान्झिस्टरही तापतो. तिथे १एन५८१९ सारखा शॉट्की किंवा यूएफ४००७ लावा. रात्रीतून दोनदा ओढणाऱ्या रिलेला हा प्रश्नच नाही.

शेतातल्या डब्यासाठी मी ४००७ च सांगेन. जाड तार, मजबूत अंग, सोल्डरिंग करताना काच तडकायची भीती नाही, कुठल्याही दुकानात मिळतो.

---

द्राक्षवेल | १७ डिसेंबर, दुपारी १:३०

ताई, मोजलं. कॉइल १५५ ओहम. दुकानदार म्हणाला मोटरचं काम आहे तर मोठा रिले घ्या, म्हणून ३० अँपिअरवाला टी९० घेतला. बेसला १० के लावलाय. बॅटरी चार्जरवर कायम असते, चार्ज होताना १४.४ व्होल्ट दाखवते. टेबलावर १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालवलं होतं.

---

गोदाकाठ | १७ डिसेंबर, संध्याकाळी ६:५०

मग डायोड नसणं हे एकच कारण नाही, दोन कारणं आहेत. हिशोब बघा.

१२ व्होल्ट भागिले १५५ म्हणजे ७७ मिलिअँपिअर. बॅटरी १४.४ ला गेली की ९३. बीसी५४७ ची कमाल मर्यादा १००. म्हणजे तो रोज काठावर उभा.

त्यात बेसला १० के. अर्डुइनोच्या पिनचे ५ व्होल्ट, त्यातून ०.७ गेले, उरले ४.३. बेसचा करंट झाला ०.४३ मिलिअँपिअर. एवढ्यावर ९३ मिलिअँपिअर ओढायचे तर दोनशेच्या वर गेन (बेसच्या करंटच्या किती पट ओढतो तो आकडा) हवा, तोही ट्रान्झिस्टर पूर्ण उघडलेला असताना. तसा तो उघडत नाही. अर्धवट उघडा राहतो, स्वतःवर दोन-तीन व्होल्ट धरून ठेवतो आणि तापतो. तापलेल्या ट्रान्झिस्टरला वर स्पाइकचा फटका. टेबलावर दोन दिवस टिकला यात नवल नाही, पहिल्याच फटक्याला तो मरतो असं नसतं.

हे बदला:
बीसी५४७ ऐवजी बीसी३३७. सहनशक्ती तीच ४५ व्होल्ट, पण करंट पाचशेपर्यंत पेलतो. पायांचा क्रमही तोच, त्यामुळे बोर्ड बदलायला नको. बेसला ४७० ओहम, म्हणजे ९ मिलिअँपिअर मिळतील, नॅनोची पिन ते आरामात देते. आणि १एन४००७, पट्टी बॅटरीच्या प्लसकडे, दुसरं टोक कलेक्टरकडे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या रिलेला जोडलेल्या पायाकडे. उलटा लावलात तर रिले चालू होताच बॅटरी थेट डायोड आणि ट्रान्झिस्टरमधून शॉर्ट होईल, चौथा ट्रान्झिस्टर त्याच क्षणी जाईल. पॉवर देण्याआधी मीटरच्या डायोड रेंजवर एकदा तपासा.

रिले डब्यातच आहे की स्टार्टरच्या पेटीत? लांब असेल तर डायोड रिलेच्या पायांवरच सोल्डर करा, अर्डुइनोजवळ नको. नाहीतर बंद होतानाचा करंट त्या सगळ्या वायरीतून फेरी मारेल आणि सेन्सरची वायर शेजारून गेली असेल तर तिला त्रास देईल.

---

पंचवटीकर | १७ डिसेंबर, रात्री ८:१०

ताई, धन्यवाद. वहीत दुरुस्त करून घेतलं. एक शंका: यूएलएन२००३ वापरला तर डायोड वेगळा लागतो का?

---

गोदाकाठ | १७ डिसेंबर, रात्री ८:३०

नाही, त्यात सातही चॅनलला डायोड आतच असतात. फक्त ९ नंबरचा पाय रिलेच्या प्लसला जोडायला विसरायचं नाही. तो मोकळा सोडला तर आतले डायोड असून नसल्यासारखे. बाजारातल्या तयार रिले मॉड्यूलवरही डायोड आधीच लावलेला असतो, तिथे दुसरा लावायची गरज नाही.

---

जुना फिटर (सातपूर) | १७ डिसेंबर, रात्री १०:४५

मी सातपूर एमआयडीसीत एकतीस वर्षं पॅनल वायरिंग केलं, आता निवृत्त आहे. डायोडचं सगळं बरोबर चाललंय, पण मला वेगळी काळजी वाटतेय.

भाऊ, तुमच्या स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटरला सप्लाय जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या, कॉइलवर किती व्होल्ट लिहिलंय? शेतीच्या थ्री फेज स्टार्टरमध्ये बहुतेक ४१५ व्होल्टची कॉइल असते, दोन फेजच्या मध्ये जोडलेली. तुमच्या रिलेचे कॉन्टॅक्ट २४०-२५० व्होल्ट एसीचे. ३० अँपिअर लिहिलंय म्हणून ४१५ व्होल्ट तोडायला तो लायक होत नाही. अँपिअर वेगळे, व्होल्ट वेगळे. उघडताना ठिणगी लांबते, कॉन्टॅक्ट जळतात, एखाद्या रात्री चिकटतात आणि मोटर बंदच होत नाही. विहीर उपसून मोटर कोरडी फिरत राहिली तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

आणि तुमची रिलेची वायर ओव्हरलोड (जास्त करंटला मोटर तोडणारा) आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की मोटर तोडणारा) यांच्या आधी जोडलीत की नंतर? त्यांना वगळून कॉइलला थेट सप्लाय जाईल असं काहीही करू नका. उद्या फोटो टाका. पेटी उघडण्याआधी मेन स्विच खाली करून तिन्ही फेज टेस्टरने बघा.

---

द्राक्षवेल | १८ डिसेंबर, दुपारी १२:२०

काका, बरोबर ओळखलंत. कॉइलवर ४१५ लिहिलंय. ओव्हरलोड वगळलेला नाही, रिले त्याच्या सिरीजमध्येच आहे. हे बघून मला घाम फुटला. आता काय करू?

---

जुना फिटर | १८ डिसेंबर, दुपारी ३:००

घाबरू नका, काम सोपं आहे. कॉन्टॅक्टरची फक्त कॉइल २३० व्होल्टची बदलून मिळते, कंपनी आणि मॉडेल बघून घ्या. तिच्यासाठी पेटीत ४१५ ते २३० चा छोटा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर बसवा. डीपीवरून येणाऱ्या न्यूट्रलवर २३० ची कॉइल चालवू नका. शेतात न्यूट्रल तुटतो, ढिला होतो, मग कॉइलला कधी कमी कधी जास्त व्होल्ट मिळून ती जळते. ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंना फ्यूज. किती व्हीएचा, म्हणजे किती क्षमतेचा, घ्यायचा ते कॉइलच्या ओढण्याच्या वेळच्या लोडवर ठरतं, दुकानदाराला कॉन्टॅक्टर दाखवा. हे काम लायसन्सवाल्या वायरमनकडून करून घ्या. पैसे लागतील, पण इथे वाचवू नका.

---

अंबडवाला | १८ डिसेंबर, रात्री ९:००

कॉन्टॅक्ट चिकटण्याचा विषय निघालाच आहे तर डायोडची एक दुसरी बाजू सांगतो. इतका वेळ आपण डायोडचं कौतुकच करतोय.

डायोड लावला की कॉइलमधला करंट हळूहळू मरतो, कारण त्याला विरोध करायला फक्त ०.७ व्होल्ट आणि तारेचा रेझिस्टन्स असतो. चुंबक हळू सुटतं, म्हणून कॉन्टॅक्टही हळू उघडतात. टायको कंपनीच्या रिलेवरच्या एका टिपणात हे मोजून दिलंय: एकाच रिलेला संरक्षण काहीच नसताना सुटायला १.५ मिलिसेकंद, नुसता डायोड लावल्यावर ९.८, आणि डायोडच्या सिरीजमध्ये २४ व्होल्टचा झेनर (ठरलेल्या व्होल्टला उलट दिशेने उघडणारा डायोड) टाकल्यावर १.९. त्याच टिपणात संरक्षण नसताना स्पाइक ७५० व्होल्टपर्यंत गेलेला दाखवलाय. ताईंच्या पाइपाच्या उदाहरणात बसवायचं तर झेनर म्हणजे बगलेत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह. पाण्याला वाट मिळते, पण तिथे अडथळाही असतो, म्हणून ते लवकर थांबतं.

आता झेनर लावायचा की नाही? कॉन्टॅक्टवर डीसीचा जड लोड असेल, म्हणजे डीसी मोटर, मोठा सोलेनॉइड, बॅटरीवरचा पंप, तर नक्की लावा. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही, कॉन्टॅक्ट झटकन लांब जाणं हाच उपाय. एसीमध्ये करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तिथे ठिणगीला विझायला संधी मिळते. तुमच्या रिलेवर २३० एसीची छोटी कॉइल आहे, नुसता ४००७ पुरेल.

लावायचाच तर हिशोब असा: बॅटरी १४.४, झेनर २४, डायोड ०.७, एकूण ३९. बीसी३३७ चे ४५. बसतं, पण याच्या वरचा झेनर घेऊ नका. दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला हवीत. डायोडची पट्टी प्लसकडे आणि झेनरची पट्टी कलेक्टरकडे.

---

द्राक्षवेल | २४ डिसेंबर, सकाळी ८:१०

सहा दिवसांनी लिहितोय, त्याबद्दल माफी. ट्रान्सफॉर्मर आणि कॉइल वायरमनने बसवून दिली. बीसी३३७, ४७० ओहम, ४००७ रिलेच्या पायांवरच. तीन रात्री झाल्या, ट्रान्झिस्टर गार आहे. ताई, काका, अंबडवाले दादा, मनापासून आभार.

पण आता नवीन त्रास. पहाटे पंप चालू होतो, कधी मिनिटभरात स्वतःच बंद होतो, लगेच परत चालू, असं खडखड चालतं. काल तीन-चारदा झालं. मी तिथेच उभा होतो. डिस्प्लेवर ५ च्या ऐवजी एकदम ८५ दिसलं, मग परत ५. त्या गारठ्यात ८५! वडिलांनी शेवटी हातानेच चालवला.

वाटतं कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर पण एक ४००७ टाकावा. दुपारी टाकू का?

---

जुना फिटर | २४ डिसेंबर, सकाळी ८:२५

नका टाकू. ती कॉइल एसीची आहे. एसीवर डायोड लावला की प्रत्येक सेकंदात पन्नास वेळा तो ट्रान्सफॉर्मर शॉर्ट करेल. डायोड फुटेल, फ्यूज उडेल. डोळ्यांजवळ फुटला तर काय, याचा विचार करा. हे वाचलं की "वाचलं" असं लिहा.

---

द्राक्षवेल | २४ डिसेंबर, सकाळी ८:५०

वाचलं काका. टाकत नाही.

---

गोदाकाठ | २४ डिसेंबर, सकाळी ९:४०

काकांनी वेळेवर थांबवलं. आता तुम्ही टिपलेला तो ८५ चा आकडा. भाऊ, तुम्ही तिथे उभं राहून तो बघितलात म्हणून निम्मं काम झालं.

डीएस१८बी२० ला पॉवर मिळते तेव्हा, पहिलं तापमान मोजून होईपर्यंत, त्याच्या आत ८५ हाच आकडा भरलेला असतो. म्हणजे ८५ दिसणं हे तापमान नाही, सेन्सर नुकताच रीसेट झाल्याची खूण आहे. कॉन्टॅक्टर चालू-बंद होताना त्याच्या कॉइलचा झटका सेन्सरच्या लांब वायरीत शिरतो किंवा सप्लाय क्षणभर खाली ओढतो. सेन्सर रीसेट होतो, ८५ सांगतो. तुमच्या प्रोग्रॅमला वाटतं ऊन पडलं, तो पंप बंद करतो. बंद करताना कॉन्टॅक्टरचा झटका आणखी मोठा. मग परत ५ दिसतं, परत चालू. खडखड तिथून येते.

उपाय दोन्हीकडून करायचे.

पेटीत: कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या दोन टोकांवर आरसी स्नबर, म्हणजे झटका जिरवणारी जोडी. १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ प्रकारचा कपॅसिटर सिरीजमध्ये. कपॅसिटरवर एक्स२ आणि २७५ व्होल्ट एसी लिहिलेलं हवं, पंख्याचा किंवा साधा डीसीचा चालणार नाही. कॉन्टॅक्टर कंपन्यांचे तयार सर्ज सप्रेसर मिळतात, कॉइलवर चिमटीत बसतात, ते घेतलेत तर अजून चांगलं. स्नबर कॉइलवरच लावा, रिलेच्या कॉन्टॅक्टवर नको. कॉन्टॅक्टवर लावला तर रिले उघडा असतानाही सातेक मिलिअँपिअर करंट झिरपत राहतो, छोटी कॉइल असेल तर ती त्यावर गुणगुणत राहते.

प्रोग्रॅममध्ये: ८५ आलं की ते मोजमाप फेकून द्या, आधीचंच धरा. तसंच -१२७ आलं तरी फेका. सेन्सरची वायर तुटली की नेहमीची लायब्ररी -१२७ सांगते. ते ५ पेक्षा कमी आहे, म्हणजे वायर उंदराने कुरतडली तर तुमचा पंप भर दुपारी चालू होईल. आणि चालू ५ ला, बंद ८ ला ठेवा. एकाच आकड्यावर दोन्ही नकोत. शिवाय एकदा चालू झाला की दहा मिनिटं तरी बंद करायचा नाही, आणि बंद झाला की पाच मिनिटं चालू करायचा नाही. मोटरलाही ते बरं.

सेन्सरची वायर मोटरच्या केबलपासून हातभर लांब न्या. सेन्सरच्या प्लस-मायनसवर ०.१ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर द्या.

---

दिंडोरी रोड | २४ डिसेंबर, दुपारी २:१५

हा धागा वाचून माझा जुना घोळ उलगडला. ठिबकचे सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावले होते, त्यांच्यावर मी प्रत्येकी एक डायोड टाकला आणि कंट्रोलरचा ट्रान्सफॉर्मर गरम होऊन फ्यूज उडाला. व्हॉल्व्ह खराब निघाले असं समजून दोन बदललेही. आता बघतो तर त्यांच्यावर २४ व्होल्ट एसी लिहिलंय! मग एसी व्हॉल्व्हला संरक्षण द्यायचंच नाही का?

---

अंबडवाला | २४ डिसेंबर, संध्याकाळी ७:३०

द्यायचं, पण दोन्ही दिशांना सारखं वागणारं. २४ व्होल्ट एसीचं शिखर ३४ व्होल्टचं असतं, त्याच्या थोडं वर उघडणारी वस्तू हवी. पी६केई४७सीए हा दोन्ही दिशांचा टीव्हीएस (जादा व्होल्टेज आलं की वाट देणारा डायोड) चालेल, तो ४० व्होल्टपर्यंत गप्प बसतो. शेवटी "सीए" असलेलाच मागा. नुसता "ए" म्हणजे एकाच दिशेचा, तो एसीवर डायोडसारखाच शॉर्ट होईल. किंवा तेच काम करणारा, ३० व्होल्ट एसीच्या आसपासचा एमओव्ही.

बॅटरीवर चालणारे लॅचिंग व्हॉल्व्हही येतात. त्यांना उघडायला सरळ आणि मिटायला उलट पोलॅरिटीचा झटका द्यावा लागतो. त्यांच्या कॉइलवर एकटा डायोड लावला तर एका दिशेचा झटका शॉर्ट होईल, व्हॉल्व्ह एकाच बाजूला अडकून बसेल. तिथे एच ब्रिजच्या (पोलॅरिटी उलटवणाऱ्या सर्किटच्या) चारही स्विचना आपापला डायोड लागतो.

---

पंचवटीकर | २४ डिसेंबर, रात्री ९:२०

मी आज लॅबमध्ये ४०० ओहमच्या रिलेवर ऑसिलोस्कोप लावून बघितलं. डायोड नसताना कलेक्टरवर उंच काटा येतो आणि ट्रान्झिस्टर फुटायच्या व्होल्टेजला डोकं सपाट होतं. ४००७ लावला की काटा गायब, १२ च्या किंचित वर एक छोटी पायरी. ४१४८ लावला तरी पायरी तशीच, फरक शोधूनही दिसेना. सर म्हणाले हे पुढच्या बॅचला दाखवू.

---

द्राक्षवेल | २ जानेवारी, सकाळी ८:४५

सगळं केलं. तयार सप्रेसर मिळाला, वायरमनने कॉइलवर बसवला. प्रोग्रॅम ताईंनी सांगितला तसा बदलला, ८५ आणि -१२७ आले की मोजून बाजूला ठेवतो. सहा रात्रींत ८५ एकदाही आलेला नाही.

या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची आहे. आज पहाटे ३:५० ला पंप स्वतः चालू झाला आणि ऊन आल्यावर स्वतः बंद झाला. मी घरून मोबाइलच्या उजेडात घड्याळ बघत जागाच होतो, विहिरीकडून मोटरचा आवाज आला तेव्हा उठून बसलो. वडील झोपलेले होते. सहाला उठले आणि सवयीने चप्पल घालून निघाले, तेव्हा सांगितलं की पाणी दोन तास झाले फिरतंय. ते तरीही जाऊन बघून आले. वाफ्यात हात बुडवून आले.

भाऊबंदांच्या बागेसाठी अजून एक डबा करायचा आहे. त्यांचा स्टार्टर जुना आहे, कॉइलवरचं लिहिलेलं पुसलंय. ती २३० ची की ४१५ ची हे कसं ओळखायचं?

---

जुना फिटर | २ जानेवारी, सकाळी ९:३०

अंदाज करू नका. मेन स्विच खाली करून कॉइलची दोन्ही टोकं कुठे जातात ते वायर धरून बघा. एक टोक ओव्हरलोड आणि बटणांतून एका फेजला आणि दुसरं दुसऱ्या फेजला जात असेल तर ४१५. दुसरं न्यूट्रलला जात असेल तर २३०. तरी शंका राहिली तर कॉन्टॅक्टरचा फोटो टाका, मॉडेल नंबर खालच्या बाजूलाही कोरलेला असतो.

शनिवारी मला ओझरला यायचंच आहे, तिथून निफाडकडे येतो. पेटी मी आल्यावरच उघडा.